लांबलचक इंग्रजी शब्द आणि त्यांची अक्षरं : सीमाभागातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूर भागातल्या एका अभ्यासिकेत आम्ही दर रविवारी सकाळी शब्दांचा वर्ग भरवतो. येणारी मुलं बहुतेक मराठी शाळेतली. काही येळ्ळूर, उचगावहून येतात, दोघं-तिघं खानापूरची बस धरून येतात. वर्ग सुटला की दारात थांबलेले पालक आणि घरी गेल्यावर फोन करणारी मुलं पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

वाचण्याआधी एक सूचना. इंग्रजी अक्षरं इथे त्यांच्या नावांनी लिहिली आहेत : ए, बी, सी. वर्णमालेतलं पहिलं अक्षर ‘ए’, पाचवं ‘ई’ आणि नववं ‘आय’, हे ध्यानात असू द्या, कारण मराठी कानाची इथेच फसगत होते. वही-पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रत्येक शब्द रोमन लिपीत मांडून बघा. नुसतं वाचून यातली निम्मी गंमत कळायची नाही.

एवढे लांब शब्द बोलतं तरी कोण? मुलांनी त्यात वेळ का घालवायचा?

हा प्रश्न पहिल्याच रविवारी सातवीतल्या एका मुलानं विचारला होता : “सर, एवढा मोठा शब्द बोलतंय कोण ओ?” त्याचं बरोबर होतं. यातले बरेचसे शब्द रोजच्या बोलण्यात कुणीच वापरत नाही.

पण आपल्या भागातल्या मुलाची वाट डोळ्यांसमोर आणा. दहावीपर्यंत ते मराठीतून शिकतं. मग पीयूसी सायन्सला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, नाव घालतं आणि जूनमध्ये एकदम जाड इंग्रजी पुस्तक हातात येतं. ‘प्रकाशसंश्लेषण’ त्याला पक्कं माहीत असतं, ‘फोटोसिंथेसिस’ बघून मात्र ते दचकतं. कल्पना तीच असते, शब्द तेवढा लांब दिसतो. अशी हुशार मुलं पहिल्या दोन महिन्यांत गप्प झालेली मी पाहिली आहेत. आठवी-नववीत खेळता खेळता शब्द फोडायची सवय लागली, तर त्या जूनमध्ये त्यांना एवढं अवघड जात नाही. वर्ग सुरू केला तो याचसाठी.

इंग्रजी शब्दाची लांबी मोजायची कशी?

आपण अक्षर मोजतो, इंग्रजीत वर्ण मोजतात. आपल्या एका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र बसलेले असतात, कधी दोन-तीन व्यंजनंही असतात. इंग्रजीत प्रत्येकाची जागा वेगळी. ‘स्ट्रेंग्थ्स’ म्हणजे बळं किंवा बलस्थानं. त्यात नऊ वर्ण आहेत आणि स्वर एकच, ‘ई’. बोलताना तो एका झटक्यात संपतो. रांगेसाठीचा ‘क्यू’ याच्या उलट. त्यात वर्ण पाच, पण उच्चार पहिल्या वर्णाच्या नावाएवढाच. उरलेले चार नुसते मागे रांग लावून उभे असतात.

मुलं एक जुनं कोडं हमखास घालतात : सगळ्यात लांब शब्द कोणता? उत्तर ‘स्माइल्स’, कारण दोन ‘एस’च्या मध्ये एक मैल आहे. कोडं चांगलं आहे आणि उपयोगाचंही, कारण शब्दाच्या पोटात दुसरा शब्द शोधायची सवय त्यातून लागते.

मग खरोखर सगळ्यात लांब शब्द कोणता?

मोठ्या इंग्रजी शब्दकोशांत सापडणारा सर्वांत लांब शब्द ४५ वर्णांचा आहे : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिला की आधी हसू फुटतं, मग शांतता पसरते. तेव्हा मी खडू घेऊन उभ्या रेषा मारतो.

न्यूमोनो म्हणजे फुप्फुस. अल्ट्रा म्हणजे पलीकडचं, अति. मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसेल एवढं बारीक. सिलिको म्हणजे वाळूतलं सिलिका. व्होल्केनो म्हणजे ज्वालामुखी. कोनि म्हणजे धूळ. ओसिस म्हणजे विकाराची अवस्था. आता मोजा : आठ, पाच, अकरा, सहा, सात, चार, चार. बेरीज पंचेचाळीस. अर्थ असा, की ज्वालामुखीची किंवा सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेल्यानं होणारा फुप्फुसाचा आजार.

हा शब्द मुद्दाम लांब केलेला आहे. अमेरिकेत कोडी घालणाऱ्यांची एक राष्ट्रीय संघटना आहे. तिचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली तो रचला. डॉक्टर तो वापरत नाहीत, ते ‘सिलिकोसिस’ म्हणतात आणि तेवढं पुरतं.

मी मात्र इथे घाई करत नाही. आपल्या उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत आणि वर्गातल्या काही मुलांचे वडील, काका तिथेच कामाला जातात. ओतकामाचा साचा वाळूचा असतो आणि त्या वाळूत सिलिका असतं. साचा फोडताना, ओतीव माल घासून साफ करताना, म्हणजे फेटलिंगला, जी बारीक धूळ उडते ती डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती जाड धूळ, आणि ती नाकात-घशात अडते. न दिसणारी थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथे जखमेसारखे व्रण होत जातात आणि फुप्फुस ताठर होतं. झालेली हानी भरून येत नाही, क्षयरोगाचा धोकाही वाढतो. खडी फोडणाऱ्या क्रशरवर आणि दगडाच्या खाणीतही हाच धोका असतो. म्हणून पाणी मारून धूळ बसवणं, धूळ ओढणारे पंखे लावणं, योग्य मास्क वापरणं हे सगळं महत्त्वाचं. कायद्यानं सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे.

हे सांगितलं त्या रविवारी एका मुलीनं तो ४५ वर्णांचा शब्द वहीच्या अख्ख्या ओळीवर लिहिला आणि खाली मराठीत लिहिलं : “पप्पांना मास्क.”

यापेक्षाही लांब शब्द असतो म्हणतात, लाखभर अक्षरांचा?

टायटिन नावाच्या स्नायूंतल्या प्रथिनाचं संपूर्ण रासायनिक नाव लिहिलं तर १,८९,८१९ वर्ण होतात, असं सांगतात. पण ते रासायनिक घटकांची माळ ओवावी तसं आहे. कोणताही शब्दकोश त्याला शब्द म्हणून जागा देत नाही, मीही देत नाही.

परीक्षेच्या पुस्तकांत येणारा तो ‘अँटिडिस…’ काय आहे?

अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. २८ वर्ण. इंग्लंडमध्ये चर्चला राज्याची अधिकृत मान्यता आहे. ती काढून घ्यावी असं एकोणिसाव्या शतकात काहींचं म्हणणं होतं, आणि त्या म्हणण्याला विरोध करणारं मत म्हणजे हा शब्द. मध्ये ‘एस्टॅब्लिश’ बसलाय, म्हणजे स्थापन करणं. त्याच्या पुढे ‘डिस’ लावला की उलट अर्थ, ‘डिस’च्या पुढे ‘अँटि’ लावला की उलटाचा उलट. मागे मेंट, एरियन, इझम. आपण ‘स्थापना’, ‘विस्थापन’, ‘विस्थापनविरोधी’, ‘विस्थापनविरोधवाद’ असं चढत जातो, तसंच हे.

याच्याहून एक वर्ण जास्त असलेला फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन मला जास्त आवडतो. अर्थ : एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरवणं. लॅटिनमध्ये ‘काहीच किंमत नाही’ असं सांगणारे चार शब्द आहेत. फ्लॉक्सी म्हणजे लोकरीची पिंजर, नॉसी म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिली म्हणजे शून्य, पिली म्हणजे केस. इंग्लंडातल्या शाळांच्या लॅटिन व्याकरणात हे चारही एकाखाली एक छापलेले असत. कुणीतरी ते एका दोरीत ओवले. विल्यम शेनस्टन या कवीच्या १७४१ सालच्या पत्रात हा शब्द सापडतो. अक्षरांची गंमत बघा : २९ वर्ण, त्यांत ‘आय’ नऊ वेळा, आणि इंग्रजीत सर्वांत जास्त वापरला जाणारा ‘ई’ एकदाही नाही.

पाचही स्वर ओळीनं येणारा शब्द आहे का?

आहे. एक नाही, तीन सांगतो. ‘फसीशस’ म्हणजे वेळकाळ न बघता थट्टा करणारा. ‘अ‍ॅबस्टीमियस’ म्हणजे खाण्यापिण्यात संयम पाळणारा. आपल्याकडे गळ्यात माळ घातलेला वारकरी जसा वागतो, तसा. आणि ‘आर्सीनियस’ म्हणजे सोमलाचं, आर्सेनिकयुक्त. तिन्ही लिहून स्वरांखाली रेघ मारा. ए, ई, आय, ओ, यू याच क्रमानं येतील, एकेकदाच. पहिल्या दोघांच्या शेवटी ‘एलवाय’ जोडलं की अर्धा स्वर म्हणतात तो ‘वाय’सुद्धा आपल्या जागी येतो.

उलट क्रमाचा शब्द मुलांना शोधायला लावतो आणि तो त्यांच्याच पुस्तकात निघतो : ‘सबकॉन्टिनेंटल’, म्हणजे उपखंडीय. यू, ओ, आय, ई, ए. भूगोलाच्या पुस्तकात तो कितीदा वाचलेला असतो, कुणी असा बघितलेलाच नसतो. दुसरा ‘अनकॉम्प्लिमेंटरी’, म्हणजे प्रशंसा न करणारा.

क्रम सोडला तर ‘एज्युकेशन’मध्ये पाचही स्वर आहेत. ‘सिकोया’ या कॅलिफोर्नियातल्या महाकाय झाडाच्या नावात सातच वर्ण, त्यांतले पाच स्वर. ‘युनोइया’ त्याहून छोटा, सहा वर्णांचा. तो ग्रीकमधून आलाय आणि त्याचा अर्थ सद्भाव, चांगलं मन.

एकाच स्वरावर चालणारे शब्द कोणते?

आधी आपल्या दारातलं उदाहरण, मग लांबचं. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन नावं रोमन लिपीत लिहा. पहिल्यात ११ वर्ण, दुसऱ्यात नऊ. दोन्हींत स्वर एकच, ‘ए’. तोही दोन्हींत बरोबर चार वेळा.

हे पहिल्यांदा फळ्यावर दिसलं तेव्हा वर्गात कुणी काही बोललं नाही. आमच्या घराघरांत या दोन नावांवरून किती बोललं गेलंय, ते सीमाभागात राहणाऱ्याला सांगायला नको. आजोबांच्या वयाची माणसं १९५६ पासूनचा सगळा इतिहास तोंडपाठ सांगतात. मुलांनी ती दोन नावं शेजारी-शेजारी मांडली आणि स्वर मोजले, आणि बरोबरी निघाली. मग एकानं विचारलं, “असं का ओ झालं?” कारण सोपं आहे. देवनागरीत महाराष्ट्र म्हणजे म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरं. कर्नाटक म्हणजे क, र्ना, ट, क, तीही चार. प्रत्येक अक्षरात अ किंवा आ दडलेला आहे आणि रोमन लिपीत दोघांनाही ‘ए’ हीच जागा मिळते. चार अक्षरं, म्हणून चार ‘ए’. ‘कन्नड’ही याच जातीचा, तीन अक्षरं आणि तीन ‘ए’. ‘मराठी’ मात्र शेवटच्या दीर्घ ईमुळे यात बसत नाही.

आता लांबचे. ‘स्ट्रेंग्थलेसनेस’ म्हणजे निर्बलता. १६ वर्ण आणि स्वर फक्त ‘ई’. ‘सेन्सलेसनेस’ म्हणजे अर्थशून्यता, तोही ‘ई’वरच, आणि त्यात ‘एस’ सहा वेळा येतो. ‘डिसइन्हिबिटिंग’ म्हणजे संकोच किंवा बंधन दूर करणारं, त्यात फक्त ‘आय’. ‘इन्डिव्हिजिबिलिटी’ म्हणजे अविभाज्यता, त्यात ‘आय’ सहा वेळा आणि शेवटी एक ‘वाय’. ‘मोनोफ्थाँग’ म्हणजे एकच शुद्ध स्वर. व्याकरणातल्या या शब्दात स्वर खरोखर एकच आहे, ‘ओ’. फक्त ‘यू’ असलेला ‘अनट्रुथफुल’, म्हणजे खोटं बोलणारा. तमिळमधून इंग्रजीत गेलेला ‘कॅटमरान’, म्हणजे ओंडके बांधून केलेली होडी, पुन्हा ‘ए’वरच.

पहिलीच्या बाई काना-मात्रा नसलेले शब्द लिहायला सांगायच्या, आठवतं? बदक, गडबड, सरबत, आणि सगळ्यांत मोठा अहमदनगर. खेळ तोच आहे.

एकही स्वर नसलेला शब्द असतो का?

पाच स्वरांपैकी एकही नसलेले आहेत, पण तिथे ‘वाय’ स्वराचं काम करतो. ‘ऱ्हिदम’ म्हणजे लय हा सगळ्यांच्या ओळखीचा. माझा आवडता ‘सिझिजी’. सहा वर्ण, त्यांत तीन ‘वाय’. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येणं म्हणजे सिझिजी, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा. रेषा अगदी तंतोतंत जुळली तर ग्रहण.

या शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधला ‘झुगॉन’ आहे. झुगॉन म्हणजे जू, बैलांच्या मानेवर ठेवतात ते. एका जुवाला जुंपलेले, ते सिझिजी. आणि ग्रीक झुगॉन, संस्कृत युग, इंग्रजी ‘योक’ आणि आपलं जू हे सगळे एकाच मुळाचे शब्द आहेत. येळ्ळूरच्या शेतात बैलगाडीचं जू बघत वाढलेल्या मुलाला आकाशातला हा शब्द समजावायला दुसरं काही लागत नाही. कन्नडमध्ये जुवाला नोग म्हणतात, हेही त्यानंच मला सांगितलं.

एकही वर्ण दुसऱ्यांदा न येणारा सर्वांत लांब शब्द?

नेहमीच्या कोशांत सापडणारे दोन, प्रत्येकी १५ वर्णांचे. पहिला ‘अनकॉपीराइटेबल’, म्हणजे ज्यावर स्वामित्वहक्क घेता येत नाही असं. दुसरा ‘डर्मॅटोग्लिफिक्स’.

दुसऱ्यावर थांबतो. डर्मा म्हणजे त्वचा, ग्लिफ म्हणजे कोरणं. बोटांवर, तळहातांवर, तळपायांवर निसर्गानं कोरलेल्या रेषांचा अभ्यास तो हा. हॅरोल्ड कमिन्स या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९२६ साली हे नाव दिलं. रेशन दुकानात अंगठा लावताना यंत्र ज्या रेषा वाचतं, त्या याच. दगड-विटांचं काम करणाऱ्यांच्या रेषा झिजतात, मग यंत्र अंगठा घेत नाही आणि तीन-तीनदा पुसून लावावा लागतो. ठशांच्या शास्त्रात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी मोलाचं काम केलं. बोटांच्या दोन ठशांत साम्य नसतं, आणि या शब्दात कोणतंही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. जुळून आलेला योगायोग आहे, पण मुलं तो विसरत नाहीत.

सोपे हवे असतील तर ‘ब्लॅकस्मिथ’, म्हणजे लोहार, दहा वर्ण. ‘वर्कमनशिप’, म्हणजे कारागिरी, अकरा.

जोडीनं वर्ण येणारे शब्द?

‘बुककीपर’. ओ-ओ, के-के, ई-ई, तीन जोड्या एकापाठोपाठ. जोडचिन्ह न घेता लिहिल्या जाणाऱ्या नेहमीच्या शब्दांत असा दुसरा नाही, त्याच्याच घराण्यातला ‘बुककीपिंग’ सोडला तर. अर्थ कीर्द-खतावणी लिहिणारा. रविवार पेठेतल्या अडत दुकानात गादीवर बसलेले दिवाणजी म्हणजे बुककीपर.

‘क्यू’ नंतर ‘यू’ यायलाच हवा ना?

इंग्रजीचे स्वतःचे शब्द तसेच असतात. बाहेरून आलेल्यांना तो नियम लागत नाही. ‘कव्वाली’ आणि ‘बुरखा’ इंग्रजी कोशात ‘क्यू’नं लिहिलेले सापडतात, आणि त्या ‘क्यू’च्या शेजारी ‘यू’ नसतो. अरबी-फारसीतला घशातला ‘क’ दाखवायला तो वर्ण घेतलेला आहे.

त्याच वर्णांतून दोन वेगळे लांब शब्द होतात का?

होतात, आणि वर्गातला सर्वांत रंगणारा खेळ हाच. सोपा नमुना : ‘कॉन्व्हर्सेशन’ आणि ‘कॉन्झर्व्हेशन’. संभाषण आणि संवर्धन. दोन्ही १२ वर्णांचे. ‘व्ही’ आणि ‘एस’ यांनी जागा बदलल्या की एकाचा दुसरा होतो.

अवघड नमुना १५ वर्णांचा : ‘सिनेमॅटोग्राफर’ आणि ‘मेगाकायरॉप्टेरन’. पहिला म्हणजे चित्रपटाचा छायालेखक. दुसऱ्याचे तुकडे करू. मेगा म्हणजे मोठा, कायर म्हणजे हात, टेरॉन म्हणजे पंख. हाताचेच पंख झालेला मोठा प्राणी, म्हणजे फळं खाणारं मोठं वटवाघूळ. वडा-चिंचेच्या उंच झाडांवर दिवसा उलटी लटकलेली दिसतात, ती. दोन्ही शब्दांतले वर्ण एकेक करून खोडत जा. एकही उरत नाही.

इथे खानापूरची मुलं हात वर करतात. भीमगडच्या जंगलात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत दुर्मीळ वटवाघळं आहेत, ती हीच का? ती ही नव्हेत. बारापेडेचं वटवाघूळ रॉटन यांच्या नावानं ओळखलं जातं. ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. शेपटी मोकळी, कान मोठे, आणि ते किडे खातं. वटवाघळांच्या जुन्या विभागणीत फळं खाणारी मोठी ती ‘मेगा’ आणि बाकीची ‘मायक्रो’, म्हणून आपल्या तालुक्याचं हे वटवाघूळ या शब्दाबाहेर राहतं. पण ‘कायरॉप्टेरा’त, म्हणजे हस्तपंखी प्राण्यांत, तेही येतंच. जगात मोजक्या ठिकाणी सापडणारा जीव आपल्या तालुक्यात आहे, हे मुलांना एका कोड्यातून कळलं याचं मला फार समाधान वाटतं.

आणि जाता जाता : सांबऱ्याच्या विमानतळाकडे कधी हेलिकॉप्टर जाताना दिसलं तर मुलांना विचारा, हा शब्द कुठे तुटतो? सगळी ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ म्हणतात. तो ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा तुटतो. हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं, आणि प्टर म्हणजे तोच वटवाघळाचा पंख.

‘तो कवी डालडा विकतो’सारखे उलटसुलट सारखेच शब्द इंग्रजीत आहेत?

आहेत, आणि त्यांतला एक तुमच्या शेतात फिरतो. ‘रोटाव्हेटर’, नऊ वर्ण, मागून वाचा, तोच येतो. ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं यंत्र विकसित केलं, त्या यंत्राचं हे नाव. दुसरा वर्ण आणि चौथा वर्ण नीट बघा : ‘आर-ओ-टी-ए’ असं लिहिलं तरच जमतं. काही जण चौथा वर्णही ‘ओ’ लिहितात, तिथे खेळ मोडतो. दुसरा नऊ वर्णांचा ‘मलयाळम’, आणि त्यातही स्वर फक्त ‘ए’.

टायपिंग क्लासला जाणाऱ्या मुलीसाठी काही?

‘टाइपरायटर’ हा शब्द कळफलकाच्या वरच्या अक्षरओळीवरच पूर्ण लिहिता येतो. ‘प्रोप्रायटर’ही, तो तर आपल्या दुकानांच्या पाट्यांवर असतोच. मधल्या ओळीवर ‘अल्फाल्फा’, म्हणजे गुरांना घालतो ती लसूणघास. फक्त डाव्या हातानं ‘स्टुअर्डेसेस’, विमानातल्या सेविका, १२ वर्ण. फक्त उजव्या हातानं ‘पॉलिफनी’, एका वेळी अनेक स्वरधारा चालणारं संगीत, नऊ वर्ण.

घरात मराठी, बाहेर कन्नड, शाळेत इंग्रजी. मुलाचा गोंधळ होणार नाही का?

पालकांचा सर्वांत काळजीचा प्रश्न हाच असतो. लांब शब्दांच्या बाबतीत तरी माझा अनुभव उलटा आहे. कन्नड कानावर पडलेलं मूल शब्द जोडत जाणं जन्मापासून ऐकत असतं. मने म्हणजे घर, मनेगळु म्हणजे घरं, मनेगळल्लि म्हणजे घरांमध्ये. ‘माडबेकागित्तु’ या एका शब्दात माडु, बेकु आणि आगित्तु आहेत, म्हणजे ‘करायला हवं होतं’. बाजारात असे शब्द ऐकून ज्याला अर्थ लागतो, त्याला इंग्रजी शब्दातले सांधे दिसायला वेळ लागत नाही.

मराठीकडून दुसरी मदत होते, संस्कृत उपसर्ग-प्रत्ययांची. ‘इंटरनॅशनलायझेशन’ हा २० वर्णांचा शब्द बघा. आंतर, राष्ट्र, ईय, करण : आंतरराष्ट्रीयीकरण. तुकड्याला तुकडा लागतो. संगणकवाले या शब्दाला कंटाळून पहिला वर्ण, मग १८ हा आकडा, मग शेवटचा वर्ण एवढंच लिहितात, कारण मध्ये १८ वर्ण आहेत. आपल्या फोनवर मराठी आणि कन्नड दोन्ही दिसतात, ते याच कामामुळे.

स्पेलिंग घोकूनही पाठ होत नाही. काय करावं?

घोकणं थांबवा आणि रेषा मारा. आठवड्याला तीन तुकडे पुरेत. पहिल्या आठवड्यात मायक्रो, ग्राफ, ओसिस. पुढच्या आठवड्यात अन, एबल, मेंट. प्रत्येक तुकड्याखाली मुलानं स्वतः शोधलेले शब्द लिहावेत, आपण सांगू नयेत. चुकीच्या जागी तोडला तरी रागावू नका. हेलिकॉप्टर कुठे तुटतो हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं. दोन-तीन महिन्यांत मूल नवा शब्द दिसला की आधी पेन्सिल उचलतं. तसं झालं की स्पेलिंगचा निम्मा प्रश्न सुटलेला असतो.

घरात कोणता शब्दकोश असावा?

इंग्रजीचा एखादा शालेय कोश, ज्यात शब्दाची व्युत्पत्ती दिलेली असेल असा. ती चौकटीतली बारीक ओळच आपल्या कामाची. जोडीला इंग्रजी-मराठी कोश हवाच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ची. त्याचं आटोपशीर रूप १८६३ साली तयार केलं ते बाबा पदमनजी यांनी, आणि ते जन्मले बेळगावात, तेही १८३१ सालीच. दोन भाषांच्या मधला पूल बांधणारा हा माणूस आपल्या गावचा, हे मी प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सांगतो.

आम्हाला असा एखादा शब्द सापडला तर सांगायचा का?

जरूर. आणताना चार गोष्टी सोबत आणा : रोमन लिपीतलं स्पेलिंग, दोनदा मोजलेले वर्ण, कोणत्या कोशात पाहिला ते, आणि मराठीत अर्थ. अर्थाशिवाय आणलेला शब्द फळ्यावर चढत नाही. मागच्या वेळी निपाणीहून आलेल्या एका मुलीनं स्वतःच्या गावाचं नाव आणलं : सहा वर्ण, पहिले दोन आणि शेवटचे दोन सारखेच, एन-आय, आणि मध्ये पी-ए. पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा एकच असलेले इंग्रजी शब्द शोधायचे, असं त्यावरून ठरलं. ‘ओनियन’, म्हणजे कांदा, तिनंच शोधला, ओ-एन आणि ओ-एन. येत्या रविवारी सगळ्यांनी यातला निदान एकेक शब्द आणायचा आहे.